निवळी

माझं नाव शीतल चौगुले. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैनांत हे पुरुषाचंही नाव असतं, पण सोनखिंडीच्या विमानपट्टीवर ते कुणाला पटत नाही. "कॅप्टन शीतल आहेत का?" असा फोन आला की मी सांगतो, "शीतल मी. कॅप्टन माझी बायको." मग पलीकडचा माणूस नंबर पुन्हा तपासतो.

बायकोचं नाव हर्षदा. ती हवाई वडाप चालवते. दोन हजार चाळीसच्या सुमारास तालुक्यातालुक्यांत लहान विमानपट्ट्या झाल्या, चार आसनी विमानं आली आणि लोकांनी गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या जीपचंच नाव त्यांना देऊन टाकलं. सरकारी कागदावर त्या सेवेचं नाव बरंच लांबलचक आहे. ते मलाही पाठ नाही आणि मी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो.

हर्षदा रोज सहा-सात फेऱ्या करायची. संध्याकाळी घरी आली की पहिला तासभर ओरडून बोलायची. तिला ते कळत नसे. "पाणी दे" असं ती म्हणाली की शेजारचे कुलकर्णी त्यांच्या घरात उठून उभे राहायचे.

कारण सोपं होतं. लहान विमानात इंजिन तुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर असतं. आत नव्वद-पंचाण्णव डेसिबलचा घरघराट. त्यावर आवाज मारणारे हेडफोन पूर्वीपासून आहेत. येणाऱ्या लाटेच्या नेमकी उलटी लाट सोडायची, म्हणजे दोन्ही मिळून सपाट. इंजिनाच्या एकसुरी घरघरीला हे लागू पडतं. पण रेडिओवरून येणारं बोलणंच फाटकं असेल तर? इंजिनाच्या प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत टिकटिक करते. डोंगराआड गेलं की बोलणाऱ्याचा आवाज क्षीण होतो. स, श, ख, फ ही अक्षरं सगळ्यात आधी बुडतात. उरतं ते खरखरीत तरंगणारं आ, ई, ऊ.

त्यात सोनखिंडीचा रेडिओ रंगराव थोरबोल्यांच्या हातात होता. वय त्रेसष्ट, सैन्यातून निवृत्त, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या डाव्या गालात कायम तंबाखू असे. शिवाय त्यांची एक सवय होती. वाक्य संपायच्या आधीच बटण सोडायचे. शेवटचा शब्द तोंडात यायचा तेव्हा रेडिओ बंद झालेला असायचा.

जे ऐकू यायचं तेही सुखाचं नव्हतं. "कॅप्टनबाई, पट्टी हाय ती, मोकळं रान न्हवं! सरळ ये की!" एकदा हर्षदा त्यांच्याशी आठ महिने बोलली नव्हती, म्हणजे जमिनीवर. हवेत बोलावंच लागायचं.

"दिवसाला पन्नास वेळा मी 'पुन्हा सांगा' म्हणते," ती एकदा म्हणाली, "आणि पन्नास वेळा नवीन शिवी ऐकते. तू एवढा प्रोफेसर आहेस, काहीतरी कर."

मी केलं. दीड वर्ष लागलं.

गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून टाकली की गाळ खाली बसतो. माझ्या हेडसेटला मी तेच नाव दिलं, निवळी. ती काय करते ते सांगतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना मावशी तुम्हाला काहीतरी विचारते. ऐकू येतं फक्त "...धी ...णार?" आणि तुम्ही बिनदिक्कत उत्तर देता, "पुढच्या वर्षी." कारण मावशी काय विचारणार हे तुम्हाला माहीत असतं. कान निम्मं ऐकतो, निम्मं मेंदू भरतो. निवळीही तसंच भरते. बोलणाऱ्याचा आवाज ती आधी शिकून घेते. मग जिथे अक्षर तुटलं असेल तिथे सगळ्यात संभवनीय अक्षर त्याच आवाजात घालते, निमिषभरात. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

भरायला भाषा माहीत हवी. म्हणून मी तिला सहा हजार तासांचं मराठी ऐकवलं. बातम्या, विमानतळांवरच्या घोषणा, ग्राहकसेवेची संभाषणं. तिथे कुणी कुणावर ओरडत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या दिवशी हर्षदा घरी आली ती गुणगुणत.

"तात्या बदललेत रे," ती म्हणाली. "आज म्हणाले, 'कॅप्टन, सोनखिंडीत आपलं स्वागत आहे. वारा पश्चिमेचा आहे. सावकाश या.'"

"तात्या? स्वागत?"

"अक्षरन् अक्षर स्पष्ट. कमाल आहे तुझी!"

मी खूश झालो. शास्त्रज्ञ माणूस कौतुकाला बळी पडतो तसा.

आठवड्याभरात ती तात्यांसाठी डबा घेऊन जायला लागली. तिसऱ्या डब्यानंतर तात्यांचा मला फोन आला. आवाज दबका होता.

"शीतलराव, बाईंची तब्येत बरी हाय न्हवं?"

"का हो?"

"न्हाई, आज मी म्हनलं, डोळं घरी ठेवून आलीस का, बैलगाडी बी ह्यापरीस सरळ येती. तर म्हनती, 'तात्या, तुमचं बोलणं ऐकलं की दिवस चांगला जातो.' आनि वर थालीपीठ. मला जरा भ्या वाटाय लागलंय."

त्या दिवशी मी निवळीची नोंद उघडली. प्रत्येक वाक्याच्या दोन ओळी तिच्यात साठतात, खरोखर किती ऐकू आलं आणि किती भरलं. तात्यांच्या वाक्यांत साठ टक्के भरलेलं होतं. तंबाखू, खरखर, अर्धवट सोडलेलं बटण, आणि त्या भोकांत माझ्या यंत्राने ग्राहकसेवेची मुलगी बसवली होती.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वारा, उंची, दिशा हे आकडे बरोबर येत होते, मी पुन्हा पुन्हा तपासले. आणि पट्टीवर शांतता होती. तात्या रोज दाढी करून यायला लागले होते. मी स्वतःशी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बघू.

मग गोष्ट घरात शिरली. वर्षानुवर्षांच्या घरघराटाने हर्षदाचा डावा कान मंद झाला होता. जानेवारीतल्या वैद्यकीय तपासणीची तिला धास्ती होती. मी निवळीची एक लहान जोडी केली, कानामागे बसणारी. घरात ती तीच घालायची. मिक्सर चालू असो, कुकर शिट्ट्या मारत असो, तिला माझं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं.

आमचं घर भलतंच सुखी झालं. ती माझ्याकडे बघून हसायची. मला वाटलं, ऐकू यायला लागलं म्हणून.

सप्टेंबरातली एक संध्याकाळ. जेवताना ती म्हणाली, "काल बोललास ते मनापासून ना?"

"कोणतं?"

"दिवाळीत चार दिवस तुझ्या आईकडे जाऊ, स्वयंपाक मी करीन, तू नुसती बस."

घास माझ्या तोंडातच राहिला. मी आदल्या दिवशी, मिक्सर चालू असताना, म्हणालो होतो, "दिवाळीत चार दिवस तुझ्या आईकडे जाऊन काय, स्वयंपाकच करत बसशील." माझ्या कुरकुरीचं आमंत्रण झालं होतं.

ती वाट बघत होती. बारा वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नव्हतं.

"हो, मनापासून," मी म्हणालो.

ती झोपायला गेल्यावर मी घरातली नोंदही वाचली. "जरा टीव्ही बारीक कर" याचं "जरा विश्रांती घे, बारीक झालीस" झालं होतं. "हे बिल अजून भरलं नाहीस?" याचं "हे अजून सांगितलं नाही, छान दिसतेस" झालं होतं. माझ्या जागी यंत्राने एक बरा नवरा बसवला होता आणि त्याच्या वाटचं कौतुक मी घेत होतो. पुढे त्याने दिलेली वचनं मला पाळावी लागू लागली. बुधवारी भाजी आणायचं त्याने कबूल केलं होतं. कुलकर्ण्यांच्या मुलाला गणित शिकवायचंही. मी दमलो. पण सांगितलं नाही.

ऑक्टोबरात सोनखिंडीच्या पट्टीची डागडुजी निघाली. सकाळी दहापर्यंत रोलर फिरायचा, मग विमानं. त्या गुरुवारी मी रेडिओच्या खोलीत गेलो होतो. खोली म्हणजे पत्र्याची केबिन. निवळीत काही सुधारणा करायच्या, असं मी तात्यांना सांगितलं. खरं म्हणजे साठ टक्क्यांचं काहीतरी गुपचूप कमी करता येतं का ते बघायचं होतं.

अकरा वाजता हर्षदाचा आवाज आला. "सोनखिंड, हर्षदा. तीन प्रवासी. उतरायला येतेय. पट्टी मोकळी का?"

तात्यांनी खिडकीतून पाहिलं. रोलर पट्टीवरच बंद पडला होता. आमच्या पट्टीला मध्ये उंचवटा आहे, पूर्वेकडून उतरणाऱ्याला त्याच्या पलीकडचं काही, चाकं टेकेपर्यंत, दिसत नाही. आणि रोलर नेमका पलीकडे होता.

तात्यांनी बटण दाबलं. "पट्टी मोकळी न्हाई. येऊ नको."

म्हणजे मी ते खोलीत ऐकलं. पण त्यांचं बोट मी पाहिलं. "न्हाई" ओठांवर आलं तेव्हा बोट उचललेलं होतं, मग पुन्हा दाबलं, आणि "नको"च्या आधी पुन्हा उचललं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. हे मी शाळेपासून बोलत आलोय आणि मला ते त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"समजलं तात्या," हर्षदा आनंदाने म्हणाली. "पट्टी मोकळी. येते. आभारी आहे."

तात्यांनी माईककडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय म्हनतीया ही?"

"पुन्हा सांगा! बटण दाबून ठेवा!"

तात्या गरजले. "अगं येऊ नको! रोलर हाय! रोलर!" पण ती तेव्हा खिंडीच्या डोंगराआड होती. आमच्याकडच्या स्पीकरवरसुद्धा नुसती खरखर होती.

"हो तात्या, येते," तिचं उत्तर आलं. "तुम्हीही जेवून घ्या."

 मी माईक हिसकावला. "हर्षदा! निवळी काढ! कानावरून काढ ती!"

"शीतल? तू तिथे कसा? बरं, भाजी काढून ठेव, येतेच मी."

आयुष्यात मला माझ्या बुद्धीची एवढी लाज कधी वाटली नव्हती. तात्यांनी खुंटीवरचा लाल झेंडा ओढला आणि ते पळत सुटले. त्रेसष्टाव्या वर्षी, एका पायात चप्पल, धोतराचा सोगा हातात. पट्टीचं टोक पाऊण किलोमीटरवर होतं. विमान तीन मिनिटांवर.

मी माईक धरून उभा. जे काही मराठीत बोलेन ते निवळी गोड करून टाकणार. ओरडलो तर गोड, रडलो तर गोड. सहा हजार तास मराठी ऐकून ती तयार झाली होती. नुसतं मराठी. दुसऱ्या कुठल्या भाषेचं काय करायचं तो भाग मी आळसाने लिहिलाच नव्हता. जे मराठीत बसत नाही ते जसंच्या तसं, खरखरीसकट, पुढे जाऊ द्यायचं, एवढी एकच ओळ टाकून ठेवली होती.

हर्षदाचं माहेर चिकोडीकडचं. घरात कन्नड. माझी कन्नड अशी की सासूबाई ती ऐकून पाहुण्यांना बोलावून आणायच्या.

"बरब्याड!" मी ओरडलो. येऊ नको. "हर्षदा, बरब्याड! म्याल होग! म्याल होग!" वर जा, वर जा.

उत्तर नाही. डोंगराच्या खांद्यावरून विमान दिसायला लागलं होतं, नाक खाली करून. पट्टीवर तात्यांचा झेंडा काडीएवढा दिसत होता.

"बरब्याड! म्याल होग! बरब्याड!" मी किती वेळा म्हणालो कुणास ठाऊक.

आणि इंजिनाचा आवाज बदलला. विमानाने नाक उचललं. तात्यांच्या डोक्यावरून, झेंड्यावरून, उंचवट्यावरून, बंद रोलरवरून ते गेलं आणि पत्र्याची केबिन थरथरली.

"शीतल," रेडिओवरून आवाज आला, यावेळी गोड नाही. "कन्नड का बोलतोयस? आणि पट्टीवर रोलर का आहे?"

"निवळी तगी!" मी म्हणालो. काढ.

तिने काढली, जुना हेडफोन घातला आणि वर घिरट्या घालत राहिली. काही मिनिटांनी तात्या धापा टाकत परत आले. मी माईक त्यांच्या हातात दिला. त्यांनी गालातली तंबाखू खिडकीबाहेर टाकली, बटणावर अंगठा घट्ट दाबला आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाले, "पट्टी. बंद. हाय. वरच. ऱ्हा."

"पुन्हा सांगा," हर्षदा म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. चार वेळा. चौथ्या वेळी तिला कळलं.

रोलर ट्रॅक्टरने ओढून बाजूला काढायला पंचवीस मिनिटं लागली. मग ती उतरली. प्रवाशांत एक दंतवैद्य होते आणि साड्यांचे गठ्ठे घेतलेल्या दोन बहिणी. कॅप्टननी खिंड नीट दाखवली म्हणून बहिणी खुशीत होत्या.

हर्षदा केबिनमध्ये आली. निवळी हातात लोंबत होती. "सांग," ती म्हणाली.

मी सांगायला लागलो. पण तिला नीट ऐकू येत नव्हतं. इंजिनाचा घरघराट अजून कानात होता आणि डावा कान तर मंदच. "मोठ्याने," ती म्हणाली. म्हणून माझी कबुली मला ओरडून द्यावी लागली. दार उघडं होतं.

"यंत्र मनाचं घालतं! तात्या तुला स्वागत म्हणालेच नाहीत! शिव्या देत होते!"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून! नोंदीत सगळं आहे!"

"आणि तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या डब्याला!"

तिने निवळी टेबलावर ठेवली. मी थांबू शकलो नाही. "स्वयंपाकाचंही मी बोललो नव्हतो! छान दिसतेस, तेही नाही!"

बाहेर दंतवैद्यांनी मान खाली घातली. दोन्ही बहिणी मात्र गठ्ठ्यांवर नीट बसून घेऊन ऐकायला लागल्या.

तात्या कोपऱ्यात चप्पल शोधत होते. ते हळूच म्हणाले, "मंग डबा कुनासाठी हुता?"

हर्षदा त्यांच्याकडे वळली. "तुमच्यासाठीच होता तात्या. शिव्या ऐकू आल्या असत्या तर आणला नसता, एवढंच."

तात्यांनी बराच विचार केला. "पोरी, डबा आला त्या दिवशी मी कमी द्यायचो," ते म्हणाले. "नोंदीत बघ."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रविवारी अंगणात खुर्ची टाकून तिने घरातली आख्खी नोंद वाचली, वरची ओळ, खालची ओळ. मधेच हसायची. मधेच वाचायची थांबायची. मी आत कांदा चिरत होतो.

दुपारी ती आत आली. निवळी काढलेली होती, म्हणून ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"खोटं ऐकलं याचा राग नाही मला," ती म्हणाली. "यंत्राला काय कळतं. तुला माहीत होतं आणि तू ऐकू दिलंस."

"घर सुखात होतं गं."

"मी सुखात होते. तू कुठे होतास?"

मी सुरी खाली ठेवली. मी म्हणालो, "कबूल. आणि दिवाळीत स्वयंपाक मीच करीन. हे आता मी बोलतोय."

"पुन्हा सांग," ती म्हणाली. ऐकू आलं नव्हतं की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. मी पुन्हा सांगितलं.

सोमवारी ती स्वतः वैद्यकीय तपासणीला गेली, जानेवारीची वाट न बघता. डावा कान अपेक्षेपेक्षा वाईट निघाला, उजवा बरा. प्रवासी फेऱ्या बंद झाल्या. शेजारी दुसरा वैमानिक असेल तरच उडायचं, अशी अट पडली. त्या संध्याकाळी ती बराच वेळ गाडीतच बसून राहिली. मग आत येऊन म्हणाली, "शिकवेन मी. पोरींना विमान उतरवायला शिकवणारं कुणीतरी लागतंच." आणि मला म्हणाली, "तू तुझं यंत्र दुरुस्त कर. काढून नाही टाकायचं. दुरुस्त करायचं."

मी निवळीची भरण्याची खोडच काढली. इंजिन ती मारते, ठिणग्यांची टिकटिक पुसते, आवाज उचलून धरते. पण जिथे अक्षर तुटलं असेल तिथे ती काही घालत नाही. हलकेच टक् करते आणि जागा रिकामी ठेवते. काहीतरी निसटलं, एवढं कळतं. काय निसटलं ते विचारावं लागतं.

दिवाळीत आम्ही चिकोडीला गेलो. चार दिवस मी स्वयंपाक केला. सासूबाईंनी पहिल्या दिवशी आमटी चाखली आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. हर्षदा हसत सुटली. मला अर्थ सांगायचं तिने साफ नाकारलं.

फेब्रुवारीत नव्या निवळीला परवाना देण्यासाठी हवाई खात्याचे अधिकारी आले. पळसुले नाव, चष्मा, कडक इस्त्री. त्यांनी माझे आकडे वाचले आणि भुवई उंचावली.

"प्रोफेसर, सगळ्या पट्ट्या धरून या नव्या यंत्रात अठरा टक्के शब्द ऐकू येत नाहीत?"

"बरोबर."

"आणि जुन्यात?"

"जुन्यात शंभर टक्के ऐकू यायचे."

त्यांनी कागद खाली ठेवले. "मग वाईट यंत्र घेऊन तुम्ही माझ्याकडे परवाना मागताय?"

मी उत्तर जुळवत होतो. हर्षदा म्हणाली, "साहेब, जुनं घालून एक चक्कर मारा, मग नवं घालून मारा. मी शेजारी बसते."

पळसुले वैमानिकच होते. ते जुनी निवळी घालून गेले, शेजारी हर्षदा नवी घालून. अर्ध्या तासाने उतरले तेव्हा ते प्रसन्न होते. "उत्तम! तुमचे तात्या फार सुसंस्कृत गृहस्थ आहेत. माझ्या प्रकृतीची चौकशी केली."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. ते अर्धा तास साहेबांना वळायला सांगत होते, ज्या दिशेला साहेब एकदाही वळले नव्हते. हर्षदाने ऐकू येऊनही काही सांगितलं नव्हतं. मोकळ्या आकाशात साहेबांना मनसोक्त सरळ जाऊ दिलं होतं. तिने नोंद त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या.

मग ते नवी निवळी घालून गेले. स्पीकरवर आम्ही ऐकत होतो. "पुन्हा सांगा." "डावीकडे की उजवीकडे? पुन्हा सांगा." "कोण आंधळा? पुन्हा सांगा." तात्या प्रत्येक वेळी बटण दाबून धरत होते, घाम पुसत होते आणि सांगत होते.

पळसुले उतरले ते घामाघूम, केस विस्कटलेले. कुणाशी न बोलता ते टेबलापाशी बसले, अर्ज ओढला, सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात दोनच वाक्यं लिहिली.

"ऐकू कमी येते. मंजूर."